पहाणी कोणाच्या नावावर?

जूनचा पहिला दमदार पाऊस झाला की कर्नाटकाच्या भालकी तालुक्यातल्या खटकचिंचोळीसारख्या गावात दोन रांगा लागतात. एक बी-खताच्या दुकानापुढे, दुसरी नाडकचेरीपुढे. पहिल्या रांगेत बाप उभा असतो, दुसरीत मुलगी. त्याला सोयाबीनचे बियाणे आणि डीएपीची गोणी हवी असते. तिला जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला. दोन्हींचा खर्च एकाच खिशातून व्हायचा असतो आणि तो खिसा वर्षभरात सर्वांत रिकामा असतो तो नेमका याच दिवसांत. सोयाबीन हाती येते दसरा-दिवाळीला, तूर संक्रांतीच्या आगेमागे. कॉलेजची फी मात्र पेरणीच्या तोंडावर भरायची असते.

उच्च शिक्षणासाठी मिळणारी मदत न्याय्य आहे का, यावर चर्चा सुरू झाली की बोलणे लगेच आकड्यांवर जाते. किती कोटींची तरतूद, किती लाख लाभार्थी. खटकचिंचोळीहून पाहिले तर प्रश्न वेगळा दिसतो. योजनांचा तुटवडा नाही. त्या मोजायला दोन्ही हातांची बोटे पुरणार नाहीत. पण मदत मिळते ती कागद बघून, आणि कोणाकडे कोणता कागद आहे हे गरजेवरून ठरत नाही. गाव महाराष्ट्र-कर्नाटक सरहद्दीच्या कोणत्या अंगाला आहे, शेताची पहाणी आजोबांच्या नावावर आहे की वडिलांच्या, कॉलेज दिल्लीच्या क्रमवारीत कितवे आहे, यावरून ते ठरते.

सुरुवात नावापासूनच होते. कर्नाटकात शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘एसएसपी’वर भरायचा. दाखल्याचा आरडी क्रमांक टाकला की महसूल खात्याकडची माहिती तिथे आपोआप उमटते. सोय चांगली आहे, पण आधार, शाळेची कागदपत्रे आणि दाखला यांवरची नावे जुळली पाहिजेत, आणि सीमाभागात घोडे पेंड खाते ते इथेच. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव इंग्रजीत लिहिताना मराठी शाळेतले गुरुजी ‘डी’ने सुरू करतात, कन्नड वळणाचा कारकून ‘जे’ने, आणि हिंदी वळणाने भरलेल्या कागदावर ते ‘जी’ने अवतरते. एकाच बापाची तीन नावे! गावातल्या शेंबड्या पोरालाही हा माणूस एकच आहे हे कळते, यंत्राला कळत नाही. मग दुरुस्तीसाठी भालकीची फेरी आणि एका दिवसाची बुडालेली मजुरी. पोर्टल कन्नड आणि इंग्रजीत आहे. मराठी शाळेत चौथी-पाचवी केलेल्या आईला पडद्यावर काय लाल झाले आणि का, हे सांगतो तो कॉम्प्युटर सेंटरवाला. तो सांगेल ती पूर्व दिशा.

जमिनीचा कागद त्याहून बोलका आहे. महाराष्ट्रात ज्याला सातबारा म्हणतात त्याला इकडे पहाणी म्हणतात. बसवराज बोम्मई मुख्यमंत्री असताना, 2021 मध्ये कर्नाटकाने शेतकऱ्यांच्या मुलांसाठी ‘रैत विद्यानिधी’ सुरू केली. अकरावी-बारावी, म्हणजे पीयूसी आणि आयटीआयच्या मुलाला वर्षाला 2,500 रुपये, बीए-बीएस्सी-बीकॉमला 5,000, कायदा आणि नर्सिंगसारख्या अभ्यासक्रमांना 7,500, इंजिनिअरिंग, एमबीबीएस आणि पदव्युत्तर शिक्षणाला 10,000. मुलींना प्रत्येक पायरीवर थोडे जास्त. इतर शिष्यवृत्ती मिळत असली तरी हे पैसे वेगळे. पुढे शेतमजूर, विणकर, मच्छीमार यांची मुलेही योजनेत आली. पैसे थेट खात्यात जमा होणारी ही एक सुटसुटीत योजना होती, हे मान्य केलेच पाहिजे.

पण रक्कम कशावर ठरते ते पाहा. पंचवीस एकर बागायतदाराचा मुलगा इंजिनिअरिंगला असेल तर त्याला 10,000, आणि दोन एकर कोरडवाहूवाल्याचा मुलगा बीएला असेल तर त्याला 5,000. जमिनीची कमाल मर्यादा नाही, उत्पन्नाची अट नाही. अभ्यासक्रम जितका महाग तितका हात सैल. शिवाय शेतकरी कोण, हे ठरते नोंदणीवरून, ‘फ्रूट्स’ या प्रणालीतल्या क्रमांकावरून. पहाणी अजून आजोबांच्या नावावर असेल, चुलत्यांशी वाटणी कोर्टात अडकली असेल किंवा बाप दुसऱ्याचे रान बटईने करत असेल, तर नांगर धरणारा हात सरकारदरबारी शेतकऱ्याचा ठरायला अडचण येते. बटईदाराचा तोंडी करार कुठल्याच पोर्टलवर चढत नाही.

उत्पन्नाच्या दाखल्याचीही तीच तऱ्हा. ज्याला पगारपत्रक आहे, मग तो साखर कारखान्यातला हंगामी नसलेला कामगार असो की बसचा वाहक, त्याचे उत्पन्न रुपयाच्या बिनचूक हिशेबाने कागदावर येते. आडत दुकानदाराचे, सावकारी करणाऱ्याचे, बोअरच्या पाण्यावर ऊस काढणाऱ्याचे उत्पन्न चौकशीत ‘अंदाजे’ लिहिले जाते आणि अंदाज नेहमी मर्यादेच्या खालीच येतो. दोघांची मुले एका बाकावर बसतात. एकाची फी माफ होते, दुसऱ्याचा बाप भविष्य निर्वाह निधीतून उचल घेतो.

आता सरहद्द ओलांडून पाहिले पाहिजे. भालकी आणि उदगीर 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत एकाच बीदर जिल्ह्यात होते. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात गेले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडच्या बाजूला राहिले. सोयरिकी मात्र तुटल्या नाहीत. धरा, दोन मावसबहिणी आहेत, एक उदगीर तालुक्यातली, एक भालकीतली. दोघी मराठा कुटुंबातल्या, दोन्ही घरी पाच एकर, दोघींना बारावीला सारखेच गुण. उदगीरच्या बहिणीने केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला तर घरचे उत्पन्न 8 लाखांच्या आत असले की तिचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ. महाराष्ट्राने 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ही सवलत आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास गटांतल्या मुलींना लागू केली. भालकीची बहीण कर्नाटकाच्या यादीत 3-ब गटात मोडते. तिथल्या मागासवर्ग कल्याण विभागाच्या फी सवलतीत या गटासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे 1 लाख चालत आली आहे. एका मावशीच्या घरी 8 लाखांपर्यंत गरज मानली जाते, दुसरीच्या घरी लाखावर एक रुपया झाला की कुटुंब सुखवस्तू.

भालकीच्या मुलीने शिकायला महाराष्ट्रात यायचे ठरवले तर? सीमाभागातल्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण प्रवेशात वेगळा प्रकार आहे आणि तो मोलाचा आहे. पण मागास प्रवर्गातला विद्यार्थी सरहद्द ओलांडताच खुला होतो. जातीचा दाखला एका राज्याचा दुसऱ्या राज्यात आरक्षणासाठी चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका प्रवेशाच्या खटल्यात स्पष्ट केले. त्यामागे तर्क आहे. एखादी जात एका राज्यात मागे असते, दुसऱ्यात नसते. मात्र तो तर्क आंध्रातून मुंबईत आलेल्या कुटुंबाला लावणे वेगळे, आणि 1956 पर्यंत ज्यांचे तहसील एकाच जिल्ह्यात होते त्यांना लावणे वेगळे. अनुसूचित जातीच्या मुलाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती त्याच्या मूळ राज्याने द्यायची असते. म्हणजे वर्ग उदगीर-लातूरला, पोर्टल बंगळुरूचे. दोन्हीकडच्या लिपिकांना ही प्रकरणे वर्षातून मोजकीच येतात आणि मोजक्या प्रकरणांचे जे होते तेच त्यांचे होते.

गंमत अशी की, हक्क सांगण्याची वेळ येते तेव्हा दोन्ही राज्ये मागे हटत नाहीत. सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. 27 डिसेंबर 2022 ला विधिमंडळाने 865 गावांसाठी पुन्हा ठराव केला. पुढच्या काही महिन्यांत महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना या गावांना लागू करण्यावरून दोन्ही सरकारांत खडाजंगी झाली. भांडण गावांसाठी आहे. गावातल्या मुलीच्या फीसाठी असे भांडण कधी पेटलेले दिसले नाही.

कर्नाटकाने या भागासाठी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. घटनेच्या 98 व्या दुरुस्तीने आलेल्या कलम 371-जेमुळे बीदर-कलबुर्गी पट्ट्यातल्या शिक्षण संस्थांत 70 टक्के आणि राज्यभरातल्या संस्थांत 8 टक्के जागा स्थानिकांना राखून मिळाल्या. त्यामुळे या भागातली पोरे बंगळुरूच्या वैद्यकीय आणि इंजिनिअरिंग कॉलेजांत दिसू लागली. पण 371-जे जागा देते, फी देत नाही. बंगळुरूत जागा मिळाली की खोलीभाडे, मेस, प्रवास यांचे गणित सुरू होते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मागासवर्गीय मुलांसाठी ‘विद्यासिरी’ योजनेतून महिना 1,500 रुपये, वर्षाचे 10 महिने मिळतात. या पैशांत बंगळुरूत किती दिवस दोन वेळचे जेवण मिळेल, हे तिथे राहिलेल्या कोणालाही विचारावे.

मग उरते कर्ज. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेचा ढाचा 2001 चा. त्यानुसार 4 लाखांपर्यंत तारण नाही, 7.5 लाखांपर्यंत जामीनदार, त्यापुढे तारण. नियम वाचले तर गरिबाला अडचण नसावी. प्रत्यक्षात आई किंवा वडील सहकर्जदार असतात आणि शाखेत पहिला प्रश्न विचारला जातो तो त्यांच्या पीककर्जाचा. दोन वर्षे तूर वाळली, खाते थकले, की मुलीच्या गुणपत्रिकेची पाने उलटायच्या आधीच सिबिलचा आकडा पुढे येतो. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये केवळ विद्यार्थ्याचा सिबिल गुणांक कमी आहे म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही, असे सांगितले. हा निकाल खटकचिंचोळीच्या परिसरातल्या किती शाखांच्या काउंटरपर्यंत पोहोचला असेल, याचा अंदाज करायला फार हुशारी लागत नाही.

केंद्राने 6 नोव्हेंबर 2024 ला पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तारण नको, जामीनदार नको, 7.5 लाखांपर्यंतच्या कर्जाला 75 टक्के हमी सरकारची. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात 3 टक्के व्याज सवलत, वर्षाला 1 लाख विद्यार्थ्यांना. नेमके हेच हवे होते. पण दारावर एक चाळणी बसवली आहे. राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरांत येणाऱ्या संस्था, 101 ते 200 मधल्या राज्य सरकारी संस्था आणि केंद्र सरकारच्या संस्था, एवढ्यांतल्याच विद्यार्थ्यांना हे कर्ज. पहिल्या यादीत अशा 860 संस्था होत्या. आळंद तालुक्यात कडगंचीला असलेले कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ चाळणीतून पार होते. तालुक्याच्या गावचे साधे पदवी महाविद्यालय खाली पडते. ज्या मुलीला घर सोडून लांब जाणे परवडत नाही म्हणून ती जवळच्या कॉलेजात गेली, तिला जवळच्या कॉलेजात गेली म्हणूनच बिनतारण कर्जाचा हा सोपा दरवाजा बंद.

कर्ज मिळाले तरी पुढचे गणित कागदावर मांडून पाहावे. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दर वर्षी 1 लाख, व्याज समजा 10 टक्के. शिक्षण आणि त्यानंतरचे सवलतीचे एक वर्ष यांत सरळव्याजाने 1 लाख 40 हजार चढतात. आता फेडायचे 5 लाख 40 हजार. दहा वर्षांची मुदत धरली तर हप्ता महिना 7,100 रुपयांच्या पुढे. पुण्यात किंवा हैदराबादेत पहिली नोकरी 18,000 ची लागली, तर खोली आणि डब्याचे पैसे देऊन हप्ता भागवायचा कसा? उत्पन्न 4.5 लाखांच्या आत असलेल्यांना मान्यताप्राप्त संस्थांतल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षणकाळातले व्याज माफ होते, हा मोठा दिलासा आहे. तेव्हाही हप्ता 5,300 च्या आसपास राहतोच. बीएस्सी करणाऱ्याला तो दिलासाही नाही.

उलट टोकाला आयकराचे कलम 80-ई आहे. जुन्या करप्रणालीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षे वजावट मिळते आणि तिला कमाल मर्यादा नाही. मुलाला परदेशी पाठवण्यासाठी 40 लाखांचे कर्ज काढणाऱ्या पगारदाराला तिचा भरघोस फायदा होतो. आयकराच्या कक्षेत न येणाऱ्या शेतमजुराला शून्य. सरकारी तिजोरीतून जाणारा हाही पैसाच आहे, फक्त त्याला कोणी अनुदान म्हणत नाही आणि त्यासाठी कोणी नाडकचेरीपुढे उभे राहत नाही.

यावर बँकांचे म्हणणे ऐकले पाहिजे. हा पैसा ठेवीदारांचा आहे, कॉलेज सुमार असेल तर कर्ज बुडते आणि मुलगाही बुडतो. यात तथ्य आहे. सोप्या कर्जाच्या जोरावर फी वाढवणारी आणि नोकरीच्या नावाने बोंब असणारी कॉलेजे देशभर उगवली. म्हणून क्रमवारीची चाळणी लावणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण ही चाळणी कॉलेजला नव्हे, विद्यार्थ्याला शिक्षा करते. शिवाय थकबाकीची भीती दाखवली जाते तेवढी उरलेली नाही. सार्वजनिक बँकांच्या शैक्षणिक कर्जातली थकबाकी 2020-21 मधल्या 7 टक्क्यांवरून 2024-25 मध्ये 2 टक्क्यांवर आल्याचे सरकारनेच संसदेत सांगितले आहे.

आणि तारणाशिवाय कर्ज कसे द्यायचे, हे बीदरने कोणाकडून शिकायची गरज नाही. बीदर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने गुरुपादप्पा नागमारपल्ली यांच्या अध्यक्षपदाच्या काळात बचत गटांच्या बायकांना गटाच्या शब्दावर कर्ज द्यायला सुरुवात केली. ज्यांच्या नावावर पहाणी नाही, घर नाही, दागिना नाही अशा त्या बायका. हा प्रयोग देशभर गाजला. ज्या आईच्या शब्दाला गटात पत आहे तिच्या मुलीला शिकण्यासाठी पत नसावी, हे कोडे बँकिंगच्या कोणत्याही पुस्तकाने सुटणार नाही.

परतफेडीचा प्रश्न जुना आहे. सयाजीराव गायकवाडांनी 1913 मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. करारात बदल्यात दहा वर्षे बडोद्याची नोकरी होती. अट पुरी करायला ते 1917 मध्ये बडोद्याला गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि नोकरी सोडावी लागली. देणाऱ्याचा हेतू थोर होता, घेणाऱ्याची पात्रता वादातीत होती. चुकले ते एवढेच, की शिकल्यावर त्या माणसाच्या वाट्याला कसले जगणे येणार आहे, याचा विचार अटीत नव्हता. आजच्या हप्त्याच्या तक्त्यातही तो नाही. ऑस्ट्रेलियाने 1989 पासून याचे उत्तर शोधले आहे. तिथे विद्यार्थ्याचे कर्ज करखात्यामार्फत वसूल होते आणि उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेले तरच. नोकरी गेली की वसुली थांबते, बापाच्या दारात कोणी येत नाही. भारतात पगारदारांचा कर पगारातूनच कापला जातो, पॅन आणि आधार जोडलेले आहेत. अशी वसुली करणे अशक्य नाही.

इकडे करता येण्याजोगी कामे त्याहून सोपी आहेत. सरकारी शाळेत दहावी-बारावी झालेल्या मुलींना वर्षाला 30,000 रुपये देणाऱ्या अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीकडे पाहावे. सरकारी शाळेत शिकली, हाच गरजेचा पुरावा मानला जातो; सहसा तो खरा निघतो. सरकारलाही कुटुंबाची गरज ठरवताना शाळा, शिधापत्रिका, रोजगार हमीचे जॉबकार्ड असे हाताशी असलेले पुरावे जोडून घेता येतील. पहाणी आजोबांच्या नावावर असली तर शिधापत्रिकेवरचे नाते पुरेसे मानावे. विद्यालक्ष्मीच्या यादीत 371-जेच्या सात जिल्ह्यांतली सरकारी पदवी महाविद्यालये सरसकट घ्यावीत. आणि दोन्ही राज्यांनी, न्यायालयातला दावा बाजूला ठेवून, सीमाभागातल्या विद्यार्थ्यांपुरते एकमेकांचे दाखले फी सवलतीसाठी मान्य करण्याचा साधा करार करावा.

राहिला वेळेचा प्रश्न. पीककर्ज मिरगाच्या आधी हातात पडले पाहिजे, हे सर्वांना पटलेले आहे. म्हणून उन्हाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांसमोर बँकांच्या बैठका होतात, उद्दिष्टे ठरतात, कोणत्या शाखेने किती वाटले याचा जाब विचारला जातो. बियाणे वेळेत पेरले नाही तर उपयोग नाही, हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. त्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर शैक्षणिक कर्ज आणि शिष्यवृत्ती हा दुसरा विषय म्हणून घ्यावा. आले किती अर्ज, फेटाळले किती, कोणत्या कारणाने, आणि फीच्या तारखेआधी किती मुलांच्या खात्यात पैसे पडले, हे शाखावार वाचून दाखवावे. त्या यादीत खटकचिंचोळीचीही एक ओळ असेल.